मालेगावचा शुक्रवार

नाशिकला पाहुणे आले की आपली यादी तयार असते. रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, वेळ असेल तर त्र्यंबक. हल्ली त्यात वायनरीची भर पडली आहे. याच जिल्ह्यातलं मालेगाव मात्र कुणाच्याच यादीत नसतं. मालेगाव म्हटलं की लोकांना आठवतात त्या दंगली, नाहीतर २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट. पण त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांची क्षमा मागून सांगतो, सिनेमावर वेडं प्रेम करणारं गाव जिल्ह्यात शोधायचं तर मालेगावलाच जावं लागेल.

आधी थोडा इतिहास. मोसम नदीकाठचा भुईकोट किल्ला अठराव्या शतकात पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधला. हो, तेच ते. पूर आला की आपण नाशिककर ज्या देवळाच्या घंटेकडे बघतो, ते गोदाकाठचं देऊळही त्यांचंच. १८१८ साली या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने इंग्रजांना जवळजवळ महिनाभर झुंजवलं होतं.

पुढे १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतले मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकत आले. त्यातले बरेचजण इथे स्थिरावले. आधी हातमाग होते, मग विजेवरचे यंत्रमाग आले. हे माग घराघरात, गल्लीगल्लीत. त्यांची खडखड दिवसरात्र चालू असते, ती थांबते फक्त शुक्रवारी. मग नमाज, आणि त्यानंतर पिक्चर!

यात नवल काहीच नाही म्हणा. इंग्लंडमध्ये १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबायला लागलं, आणि पुढे शनिवारची दुपार म्हणजे फुटबॉल हे समीकरण झालं. माग कधी थांबतो यावर कामगाराची मजा ठरते.

मालेगावची गंमत अशी की इथल्या प्रेक्षकांनी नुसते सिनेमे पाहिले नाहीत, स्वतः काढलेसुद्धा. नासिर शेख हा इथला व्हिडिओ पार्लरवाला. बस्टर कीटन आणि चॅप्लिन पाहून तो एडिटिंग शिकला. पायरसीवरून पोलिसांची धाड पडली तेव्हा त्याने ठरवलं, आता आपलाच पिक्चर काढू. त्यातून २००० साली 'मालेगाव के शोले' आला. कलाकार सगळे गावातलेच. मग 'मालेगाव का सुपरमॅन'. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत याला 'जुगाड' म्हणतात, आणि तो शब्द मी पूर्ण आदराने वापरतोय :)

या सुपरमॅनचं काम केलं शफीक शेखने. तो यंत्रमागावर काम करणारा कामगार, अंगाने काडीसारखा. सिनेमातला सुपरमॅन तंबाखूविरुद्ध लढतो. शफीक स्वतः मात्र २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेला. फैझा अहमद खान यांनी या शूटिंगवर काढलेला माहितीपट २०१२ साली थिएटरात लागला, तेव्हा तो पाहायला शफीक नव्हता. हे वाचलं तेव्हापासून तो माहितीपट मला नुसता विनोदी वाटत नाही.

२०२५ मध्ये याच मंडळींवर हिंदीत 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या मोहन टॉकीजमध्ये 'टायगर ३' चालू असताना लोकांनी आतच फटाके फोडले, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. प्रकार धोक्याचाच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण बातमीत फक्त फटाके आले. सहा दिवस मागापुढे उभं राहून सातव्या दिवशी तिकीट काढणारा माणूस कुणी दाखवला नाही.

नाशिकहून आग्रा रोडने मालेगाव साधारण शंभर किलोमीटर. एकदा जाऊन या. किल्ला बघा, मोसम पूल ओलांडून दोन्हीकडच्या वस्त्या पायी फिरा. आणि जायचं तर शुक्रवारीच जा. मागांची खडखड ऐकायची असेल तर मात्र आदल्या संध्याकाळीच पोचा.