अहमदनगरची छावणी आणि घोड्याची कातरणी

घोड्याच्या अंगावरील केस हिवाळ्यात कातरण्याची प्रथा इंग्रजी छावणीबरोबर दख्खनमध्ये रुजली. तिच्यावरून मराठी पागेचे अश्वसंगोपन मागासलेले होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) परिसराचा विचार केल्यास हा निष्कर्ष टिकत नाही.

घोड्याचे केस वाढतात ते केवळ थंडीमुळे नव्हे, तर मुख्यतः दिवस लहान होऊ लागल्यामुळे. दाट केसांचा घोडा दौडीनंतर घामाने निथळतो, लवकर वाळत नाही आणि ओल्या अंगाने उभा राहून गारठतो. कातरलेल्या घोड्याचा घाम चटकन सुकतो, खरारा थोडक्यात आटोपतो, खरजेचे चट्टे वेळीच दृष्टीस पडतात. हे लाभ निर्विवाद होत. इंग्लंडमध्ये ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात पसरली. स्पेनमधील युद्धावरून (१८०८-१४) परतलेल्या अधिकाऱ्यांनी तेथील खेचरांची कातरणी पाहिली होती, असे सांगतात.

ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे वाढलेल्या छावणीत ऑस्ट्रेलियातून आणलेले थोराड घोडे आले. त्यांच्यासाठी तबेला होता, झूल होती, नियमित चंदी होती. काढलेल्या केसांची भरपाई झूल करीत असे.

मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) हलक्या घोडदळापासून मराठ्यांच्या भीमथडी तट्टांपर्यंत चालत आलेली रीत निराळी होती. मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघनाने निघे, म्हणजे नेमके केस वाढू लागण्याच्या दिवसांत. मुक्काम बहुधा उघड्यावर. नगरच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत दुपारी तापमान २८ अंशांच्या घरात असते, पहाटे ते १० अंशांच्या आसपास उतरते. अशा रात्री स्वतःचे केस हीच तट्टाची झूल होती, आणि ती वाहून नेण्यास बैल लागत नसे! मोतद्दाराच्या खराऱ्याने घाम, धूळ व गळते केस निघत. तेवढे पुरेसे होते. कातरणीचा लाभ, म्हणजे, कातरीत नसून तिच्यामागे उभ्या असलेल्या तबेल्यात होता.

याचा पडताळा खुद्द इंग्रज सैन्यालाच आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये खरजेच्या भयाने घोडे सरसकट कातरले गेले. १९१७ चा वसंत विलक्षण कडक निघाला. उघड्यावर, अपुऱ्या चंदीवर राबणाऱ्या त्या घोड्यांत मोठी प्राणहानी झाली. पुढील हिवाळ्यात संपूर्ण कातरणीस आळा घालावा लागला. दख्खनच्या मोतद्दाराला ही गोष्ट नवी वाटली नसती.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, नगरला चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आले; घोड्यांची जागा चिलखती गाड्यांनी त्याआधीच घेतली होती. ‘भादरणे’ हा शब्द मात्र जिल्ह्यातील गोठ्यांत रोजच्या वापरात राहिला आहे. तेथे वस्तरा फिरतो तो म्हशीच्या पाठीवरून, उवा आणि उन्हाळा या दोहोंच्या उपायार्थ.