रंगाखालचे रंग

मोटारींचे फोटो काढायला गेलो आणि परत आलो तो बहुतांशी स्वतःचेच फोटो घेऊन! यात काही विनोद साधायचा नाही. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला पोमोना नावाचे गाव आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानावर दर हिवाळ्यात ‘ग्रँड नॅशनल रोडस्टर शो’ नावाचे प्रदर्शन भरते. मोठमोठ्या दालनांतून शेकडो मोटारी मांडलेल्या असतात आणि कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी त्यांत शोधावी लागते. कुणाचा टप कापून खाली आणलेला, कुणाची दारे मुठीवाचून गुळगुळीत केलेली, कुणाचे पोट जमिनीला टेकलेले. पत्रा आरशासारखा आणि क्रोमचा मुलामा त्याहून आरशासारखा. कॅमेरा कुठूनही धरा, गाडीच्या दारातून आपलेच टक्कल उगवते.

आम्ही तिघे होतो. पुतणीकडे चार महिन्यांसाठी गेलेला मी, तिथे चाळीस वर्षे काढलेले आमचे डॉक्टर, आणि नाना. नाना पिंपरीच्या एका कारखान्यात नकाशे काढीत असत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्याला वाहून घेतले. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी भिंगावर लावायचा पोलरायझर पुसून ठेवला होता. रंगावरची आणि काचेवरची चकाकी तो बरीच कमी करतो. क्रोमपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. नुसत्या धातूवरून उलटलेला प्रकाश त्याला जुमानत नाही. हे ज्ञान नानांनी आम्हाला गाडीत बसल्यापासून तीनदा दिले. डॉक्टर म्हणाले, “नाना, तेवढा आमचाही फोटो काढा. म्हणजे पोलरायझर कुणाला खपवून घेत नाही ते एकदा कळेल.”

आपल्याकडे पोळ्याला बैल सजतात. शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल. वर्षभर राबणाऱ्या जनावराचा तो एक दिवस, आणि त्या दिवशी बैलापेक्षा बैलवाल्याचीच छाती अधिक फुगते. दालनात शिरताना मला पहिली आठवण झाली ती पोळ्याची. पुढे दिवसभर पाहताना कळले, की इथले प्रकरण पोळ्याहून बरेच गुंतागुंतीचे आहे.

श्रीमंतांनी मनाजोगती गाडी घडवून घेणे ही जुनीच गोष्ट आहे. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. 1910 च्या सुमारास कलकत्त्याच्या एका धनिक इंग्रजाने विलायतेहून हंसाच्या आकाराची मोटार करवून आणली. हंसाच्या चोचीतून गरम पाणी उडे आणि मागून चुन्याची विष्ठा पडे! रस्त्यात असा गोंधळ उडाला, की पोलिसांनी ती बंद पाडली. पुढे नाभ्याच्या महाराजांनी ती घेतली, आणि आता ती हॉलंडमधल्या एका संग्रहालयात आहे. पण ही पैसेवाल्यांची हौस. पोमोनात दिसते ती हौस पैसा नसलेल्यांची, आणि तिचा इतिहास मला अधिक मोलाचा वाटतो.

तिचा जन्म भंगारात झाला. फोर्डने 1932 मध्ये आठ नळकांड्यांचे इंजिन स्वस्त गाडीत बसवले. काही वर्षांनी त्या गाड्या जुन्या बाजारात थोड्याशा डॉलरांत मिळू लागल्या. पोरांनी त्यांची मडगार्डे काढून टाकली, टप उतरवला, इंजिनात खटपटी केल्या आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या बेफाम पळवल्या. मग महायुद्ध आले. तीच पोरे विमानांची आणि रणगाड्यांची इंजिने दुरुस्त करून परतली, ती पक्के मेकॅनिक होऊन. त्यांच्याविषयी शहरात नाराजी होती. वर्तमानपत्रे त्यांना गुंडांच्या रांगेत बसवीत. 1948 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या शस्त्रागाराच्या इमारतीत त्यांनी आपल्या गाड्या मांडल्या, त्यात ‘आम्ही गुंड नव्हे, कारागीर आहोत’ हे सांगण्याचा हेतू उघड होता. त्याच वेळी रॉबर्ट पीटरसन या तरुणाने ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक काढला. किंमत 25 सेंट. गाडी, प्रदर्शन आणि फोटो यांची गाठ पडली ती इथे, आणि मग ती सुटली नाही.

पोमोनाच्या प्रदर्शनाचा उगमही त्याच काळातला, मात्र तो ओकलंड शहरात. 1950 मध्ये तिथे ‘अमेरिकेची सर्वांत सुंदर रोडस्टर’ हा मान प्रथम दिला गेला, तो 1929 च्या एका जुन्या फोर्डवर बिल नीकँप यांनी केलेल्या कारागिरीला. त्या मानाचा करंडक नऊ फुटांहून उंच आहे. त्याच्यापुढे उभे राहिले की मालक हे त्याला मिळालेले बक्षीस वाटतो.

आता एका हिरव्या गाडीविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण प्रदर्शनाला जाण्याआधी तिची हकीगत डॉक्टरांनी आम्हाला घरी चहाबरोबर ऐकवली होती. 1952 मध्ये बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या तरुणाने 1951 ची मर्क्युरी गाडी सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या हवाली केली. त्यांनी टप कापून खाली आणला, खिडक्यांमधला खांबच उडवला, कडेला ब्युइकची पट्टी आणि मागे लिंकनचे दिवे बसवले. पत्र्याचे सांधे वितळलेल्या शिशाने भरून असे घासले, की कुठे कापले ते बोटालाही कळू नये. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला हे काम दाखवावे, तो टोपी काढील. वर फिकट समुद्रफेनी हिरवा, खाली गडद हिरवा. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनात ती मांडली गेली आणि लोकांनी गर्दी केली.

आणि आता ज्या मैदानावर आम्ही कॅमेरे घेऊन हिंडत होतो, त्याची गोष्ट. 1942 च्या मेपासून ऑगस्टपर्यंत याच जत्रेच्या मैदानावर जपानी वंशाच्या पाच हजारांवर माणसांना तारेच्या कुंपणात ठेवले होते, आणि तिथून त्यांना वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत पाठवले. गुन्हा एकच, वंश. त्यानंतर दहा वर्षे होत असतात, आणि त्याच वंशाच्या एका तरुणाच्या गाडीभोवती तेच शहर वाहवा करीत उभे राहते! दोन्ही गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाही. पण डॉक्टरांनी हे सांगितल्यावर त्या दिवशी मला त्या मैदानाची जमीन वेगळी दिसली, एवढे खरे.

पुढे ती हिरवी गाडी रंग बदलून 1955 च्या एका चित्रपटात झळकली, हातोहात विकली गेली, आणि अखेर एका शाळकरी पोराने ती 500 डॉलरांत घेतली. तो तरुणाचा म्हातारा झाला तरी त्याने ती सोडली नाही. दशकानुदशके गॅरेजात राहिलेली ती गाडी त्याने पुन्हा मूळच्या दोन हिरव्या रंगांत आणली. कुठला हिरवा, किती हिरवा, हे सांगायला उरले होते काय? जुन्या मासिकांतले फोटो आणि खरवडलेल्या रंगाचे थर. जॉर्ज बॅरिस स्वतःच कॅमेरा घेऊन फिरत आणि मासिकांना फोटो पुरवीत, हे भाग्यच म्हणायचे. 2022 च्या जानेवारीत ती गाडी लिलावात गेली, 21 लाख 45 हजार डॉलरांना!

या गाड्यांच्या इतिहासातली अडचण तीच आहे. देऊळ मोडले तरी जोते उरते. पोथी कुरतडली तरी पाने उरतात. या गाड्यांना पुरावाच नको असतो. दर चार-पाच वर्षांनी हौशी मालक जुना रंग घासून काढतो, नवा चढवतो, आणि कालची गाडी नाहीशी होते. उरतो तो फोटो. म्हणून अशा प्रदर्शनात फोटो काढणारा माणूस नुसता फोटो काढीत नसतो, दप्तर ठेवीत असतो. हे वाक्य नानांचे. मी त्यांना फार दाद दिली नाही, पण ते खरे आहे.

दुपारी आम्ही बाहेरच्या उन्हात आलो. तिथे एक 1964 ची इम्पाला जमिनीला टेकून बसली होती. रंग डाळिंबी. हा रंग कसा होतो तेही सांगण्यासारखे आहे. आधी सोनेरी किंवा रुपेरी चमकीचा थर, त्यावर पारदर्शक तांबड्याचे एकामागून एक हात. प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या चमकीवर आदळून परततो, आणि रंग पत्र्यावर नाही, पत्र्याच्या आत आहे असे वाटते. सावलीत काळी दिसणारी गाडी उन्हात आली की पेटते.

गाडीशेजारी घडीच्या खुर्चीत तिचे मालक बसले होते. मेक्सिकन घराण्यातले, सत्तरी उलटलेले. नानांचा पोलरायझर पाहून ते उठले आणि डिकीत हात घालून त्यांनी एक खटका दाबला. गाडीचे मागचे अंग हळूहळू, म्हशीने उठावे तसे, वर आले. मग पुढचे. नाना इतके दचकले, की फोटो काढायचाच राहिला.

या खटक्याचा इतिहास म्हणजे कायद्याला दिलेले उत्तर आहे. मेक्सिकन वस्तीतल्या पोरांना गाडी पळवायची नव्हती. ती जमिनीलगत, सावकाश, रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलव्हार्डवरून मिरवायची होती. पैसे नसत तेव्हा डिकीत वाळूची पोती टाकून गाडी खाली बसवीत. 1958 पासून कॅलिफोर्नियात नियम आला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या काठापेक्षा खाली येता कामा नये. पोलिसांना निमित्त मिळाले. 1959 मध्ये रॉन अगिरे या तरुणाने विमानांच्या भंगारातले तेलदाबाचे पंप आपल्या 1956 च्या कॉर्व्हेटला बसवले. पोलीस दिसला की खटका दाबायचा. पंप तेल ढकलतो, नळकांड्यातला दट्ट्या वर जातो, आणि गाडी कायद्यात बसते. पोलीस वळणाआड गेला की पुन्हा खाली! 1980 नंतरच्या दशकात गावोगावी संथ मिरवण्यावरही बंदी घालण्यात आली. हे दोन्ही नियम काढून टाकणारा कायदा कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 ला लागू झाला. दरम्यान 2017 मध्ये याच जातीची ‘जिप्सी रोझ’ नावाची गुलाबफुलांनी चितारलेली इम्पाला वॉशिंग्टनला राष्ट्रीय पटांगणात काचेच्या पेटीत मांडून झाली होती. एकच गाडी राजधानीत वारसा आणि घरच्या रस्त्यावर गुन्हा, अशी जवळजवळ सात वर्षे गेली.

आजोबांना मी विचारले, कधी दंड झाला होता का? त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली आणि दुसरा हात घेतल्यावर सोडून दिली. मग त्यांनी पुढच्या आसनावरून एक अल्बम काढला. 1975 ची गाडी निळी, 1983 ची सोनेरी, मधे एकदा पांढरी, त्यानंतर ही डाळिंबी. निळ्या गाडीत नवी नवरी, सोनेरी गाडीत तीन मुले, पांढरीच्या टपावर पिंडदानाला बसावे तसा गंभीर चेहरा करून बसलेला नातू. आधीचे सगळे रंग घासून गेले होते. “सगळे नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी डॅशबोर्डाखाली बॅटरीचा उजेड टाकला. वीतभर पत्रा अजून निळा होता. मुद्दाम ठेवलेला. नाना गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले, आणि आपल्या दुखऱ्या कमरेसह डॅशबोर्डाखाली गेले. सबंध दिवसातला त्यांचा सर्वांत चांगला फोटो तो.

घरी आल्यावर नानांनी निवड केली. चांगले तीस फोटो कागदावर काढून आजोबांना पाठवले. त्यांत तो वीतभर निळा पत्रा पहिला. आमची टकले उमटलेले सगळे फोटो टाकून द्यायच्या ढिगात गेले. आठ दिवसांनी डॉक्टरांना आजोबांचा फोन आला. फोटो उत्तम, म्हणाले; पण एक हवा होता. दाराचा फोटो काढताना मी मागे उभा होतो, तो असेल का?

ढिगात तो सापडला. डाळिंबी दारात नाना, कॅमेरा, डॉक्टरांचा कोपर आणि आमच्या मागे, पुसायचे फडके खांद्यावर टाकलेले आजोबा. गाडी म्हणावी तर जवळजवळ दिसतच नाही. डॉक्टरांनी त्यांना विचारले, हाच कशाला? अल्बममध्ये गाडी पानोपानी आहे, ते म्हणाले, घरची सगळी माणसे आहेत. मी कुठेच नाही. पन्नास वर्षे कॅमेरा माझ्याच हातात होता.