तिखट कशाने सोसतं?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं साखरा आणि त्याच्या आसपासची गावं वाशीम जिल्ह्याच्या जवळची. या भागातल्या माणसाच्या रक्तातच तिखट आहे, असं सहज म्हटलं जातं, आणि ठेच्याच्या पहिल्याच घासाला पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की ही समजूत आणखी पक्की होते. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात ती पोर्तुगिजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. ११३०च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे. मराठवाड्याला खेटून असलेल्या त्या राजधानीत तिखटपणा यायचा तो मिऱ्यांनी आणि आल्याने. पुढे १५९०च्या सुमाराच्या ‘ऐन-ई-अकबरी’तल्या मसाल्यांतही मिरे, पिंपळी, सुंठ सापडतात, मिरची सापडत नाही. म्हणजे आपण अनादी समजतो ते तिखट फार तर चार-साडेचार शतकांचं आहे.

एवढ्या थोड्या काळात ते इतकं खोल रुजलं, याचं कारण ज्वारीच्या ताटात शोधावं लागतं. मिरे मलबारातून येत आणि पैसे मोजून घ्यावे लागत. मिरचीची रोपं परसात लावता येत, वाळवलेली मिरची वर्षभर पुरे. कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या कुटुंबाचं पोट भाकरीवर भरे. ती घशाखाली उतरायला जोडीला थोडकंच पण झणझणीत काहीतरी लागे. ठेचा आणि काळं तिखट त्या गरजेतून घराघरांत स्थिरावले. भाजलेल्या धान्य-डाळींत मसाला घालून दळलेलं येसर पाण्यात कालवून उकळलं की भाजी नसतानाही आमटी होई. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बायकांच्या वाट्याला तर पुष्कळदा कोरड्यास उरतच नसे, उरे ती भाकरी आणि चटणी. १८५३मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि हिंगोली व वाशीम दोन अमलांखाली आले, तरी दोन्हीकडच्या ताटांत ज्वारीची भाकरी कायम राहिली. तिखटाची हद्द राज्यकर्त्यांनी आखली नाही, ती पिकांनी आणि ऐपतीने आखली.

शरीरशास्त्रही याच बाजूने साक्ष देतं. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला चेतवतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७मध्ये शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. वारंवार तिखट खाल्लं की हा दाह बोथटतो. पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्याचा अभ्यास १९८०मध्ये प्रसिद्ध केला. तिथली मुलं मोठ्यांच्या पंगतीत हळूहळू तिखट आवडीने खायला शिकत. तेच उष्टं-खरकटं खाणाऱ्या कुत्र्या-डुकरांना मात्र ती गोडी लागलेली दिसली नाही. तिखटाची नुसती सवय पुरत नाही; त्याची आवड लागते ती माणसांच्या संगतीत.

यावर कुणी म्हणेल, एकाच घरात एका भावाला तिखट चालतं आणि दुसऱ्याला नाही, ते का? इथे आनुवंशिकतेचा वाटा मान्य करायलाच हवा. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातही तो दिसला आहे. पण त्यातून दोन भावांमधला फरक उलगडतो, दोन मुलखांमधला नाही. दुसरा आक्षेप हवामानाचा. उष्ण प्रदेशात मसाले अन्न नासू देत नाहीत, म्हणून ते जास्त वापरले जातात, असं १९९८मध्ये मांडलं गेलं होतं. २०२१मध्ये जगभरच्या हजारो पाककृती तपासल्यावर तो संबंध टिकला नाही. शिवाय इथलं ऊन मिरची येण्याआधीही असंच रखरखीत होतं.

म्हणूनच तिखट पचवण्याला मर्दुमकी समजणं आणि ज्याला ते सोसत नाही त्याला हिणवणं, दोन्ही चूक. ज्यांनी चिमूटभर चटणीवर दिवस काढले, त्यांनी ते पैजेखातर केलं नव्हतं. ठेच्यावर तेल घ्यावं, चटणीत शेंगदाण्याचं कूट घालावं, सोबत दही ठेवावं, हे शहाणपणही त्यांचंच. आज शिवारात सोयाबीन आणि हळद वाढली, ताटात गव्हाची पोळी आली; पुढच्या पिढीची जीभ थोडी सौम्य झाली तर त्यात काही गमावलं असं मानायचं कारण नाही. मूठभर मिरच्यांवर अख्खं घर जेवू घालणाऱ्या बायांचं कसब मात्र आपण लिहून ठेवायला हवं. इथल्या तिखटाचा खरा इतिहास तोच आहे.