घरगुती त्रिमार्गी ध्वनिक्षेपक : धातूच्या शंकूचा निनाद
त्रिमार्गी ध्वनिक्षेपकात वूफर खर्जाचे, मिडरेंज मधल्या पट्टीचे व ट्वीटर वरच्या पट्टीचे स्वर उमटवितो. ही वाटणी क्रॉसओव्हर करतो. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा शंकू ताठ असल्याने आपल्या मर्यादेत स्वच्छ वाजतो. मात्र कागदाप्रमाणे कंपने जिरवत नसल्याने वरच्या एखाद्या वारंवारतेला घंटेसारखा निनादतो. मिडरेंजचा हा निनाद ६००० हर्ट्झला असेल, तर २००० हर्ट्झच्या स्वराचा तिप्पट वारंवारतेचा उपस्वर त्यावर पडून फुगतो आणि गायकाचा आवाज कर्कश होतो. हा दोष ड्रायव्हरमध्येच उपजत असल्याने क्रॉसओव्हर तो पुरता गाळू शकत नाही. म्हणून मिडरेंजची सीमा २००० हर्ट्झच्या आत ठेवावी, तितके खाली उतरणारा ट्वीटर निवडावा आणि मिडरेंजला पेटीत स्वतंत्र बंद कप्पा द्यावा. अन्यथा वूफरचा दाब त्याचा शंकू हलवितो.