६४ बाइट्सची गोष्ट

आज एका जुन्या निर्णयाची गोष्ट, ज्यानं माझी एक अख्खी रात्र खाल्ली.

झालं असं, की ४ टीबीची डिस्क मी एका मशीनवर तयार केली, लिनक्स टाकलं आणि रात्री ऑफिसच्या जुन्या सर्व्हरला लावली. सकाळी ९ला लोक कामाला बसणार होते. बटण दाबलं, तर समोर काळा स्क्रीन! डिस्क शाबूत, डेटा शाबूत, पण सर्व्हरला सुरुवातच सापडेना. का? त्यासाठी १९८३ मध्ये जाऊ या.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० एमबीची हार्ड डिस्क आणि डॉस २.० घेऊन. डिस्कचे भाग पाडले, तर त्यांची यादी कुठे ठेवायची? पहिल्याच सेक्टरमध्ये. हा सेक्टर ५१२ बाइट्सचा, त्यातले यादीच्या वाट्याला ६४. एका नोंदीला १६, म्हणजे नोंदी फक्त ४. हाच एमबीआर. त्यात सेक्टरचा आकडा ३२ बिट्सचा, म्हणून साधारण २ टीबीच्या पुढे मोजताच येत नाही. १० एमबीच्या जमान्यात हे कुणाला टोचणार?

पुढे इंटेलनं इटेनियम सर्व्हरसाठी बायोसऐवजी ईएफआय आणलं. २००५ पासून अनेक कंपन्या मिळून ते यूईएफआय म्हणून सांभाळू लागल्या. सोबत आली जीपीटी: सहसा १२८ नोंदी, ६४ बिट्सचे आकडे, आणि यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी.

आता मेख कुठे? बायोस पहिला सेक्टर वाचतो आणि पुढचं त्यातल्या छोट्या प्रोग्रामवर सोडतो. एमबीआर डिस्कवर ग्रबचा उरलेला भाग त्या सेक्टरमागच्या रिकाम्या जागेत बसायचा. जीपीटीत तिथं यादी असते, म्हणून ग्रबला १ एमबीचं वेगळं 'बायोस बूट' पार्टिशन द्यावं लागतं. यूईएफआय मात्र फॅट फॉरमॅटचं ईएफआय पार्टिशन उघडून त्यातली फाइल चालवतं. मी डिस्क आखली यूईएफआयसाठी, आणि सर्व्हर होता बायोसवाला!

पहाटे ते १ एमबी जागा करून ग्रब पुन्हा टाकला, तेव्हा गाडी सुरू झाली. आता मी दोन्ही पार्टिशन्स आधीच ठेवतो: १ एमबी बायोससाठी, ५१२ एमबी यूईएफआयसाठी. नंतर डेटा सरकवत बसण्यापेक्षा हे स्वस्त.

आणि गंमत बघा, जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्येही एक एमबीआर असतोच! जुन्या प्रोग्रामनी डिस्क रिकामी समजून पुसू नये, म्हणून. १९८३ अजून तिथंच बसलंय.

तुमचा सर्व्हर कुठल्या मोडमध्ये आहे, आजच बघा. भेटू पुढच्या भागात!