अंत्युखियाची पंगत : आद्य ख्रिस्ती मंडळीच्या आरंभाची दोन कथने

आद्य ख्रिस्ती मंडळीच्या आरंभाचा शोध घेताना अभ्यासकाला भेडसावणारा प्रश्न साधनांच्या अभावापेक्षा त्यांच्या क्रमाचा अधिक आहे. नव्या करारात आधी चार शुभवर्तमाने, मग ‘प्रेषितांची कृत्ये’ आणि त्यानंतर पौलाची पत्रे येतात. त्यामुळे वाचक ‘कृत्यां’मधील सलग कथा मनात ठेवून पत्रांकडे वळतो आणि पत्रे त्या कथेला जोडलेली टिपणे वाटू लागतात. लेखनाचा क्रम मात्र उलट आहे. पौलाची निर्विवाद मानली जाणारी सात पत्रे इ.स. ५० च्या दशकातील, किंवा फार तर त्यानंतर थोड्याच काळातील आहेत. ‘कृत्ये’ हा ग्रंथ बहुतेक अभ्यासक इ.स. ८० ते ९० च्या सुमारास, तर काही दुसऱ्या शतकाच्या आरंभी ठेवतात. ज्याला आपण इतिहास म्हणून वाचतो तो एका पिढीनंतरचा आहे. आणि जे समकालीन आहे ते इतिहास सांगण्यासाठी लिहिलेलेच नाही.

हा कालक्रम केवळ अनुमानावर उभा नाही. ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट क्लॉडियसने अखयाचा प्रांताधिकारी गल्लियो याचा उल्लेख केला आहे. त्यावरून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या आसपास ठरतो. पौलाला करिंथमध्ये याच गल्लियोसमोर उभे केले होते, असे ‘कृत्ये’ सांगते. आद्य मंडळीच्या कालगणनेतील बाकीच्या तारखा बव्हंशी या एका दगडावरून मोजल्या जातात.

प्रथम शिष्यांविषयीची माहिती अपेक्षेपेक्षा विरळ आहे. बारा ही संख्या स्थिर आहे, नावे नाहीत. मार्क व मत्तय यांच्या याद्यांत तद्दय येतो, तर लूकच्या यादीत त्या जागी याकोबाचा यहूदा दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानात बारांची यादीच नाही. तेथे इतर यादींत कोठेही नसलेला नथनेल मात्र भेटतो. इस्राएलाच्या बारा वंशांची आठवण देणारी ही संख्या व्यक्तींपेक्षा महत्त्वाची ठरली असावी. याउलट पौल रोमकरांस लिहिताना किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी आणि प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया यांचा सहज उल्लेख करून जातो. हे युनिया नाव पुढे अनेक शतके पुरुषाचे ठरवून वाचले गेले, हा संहितेच्या प्रवासाचा स्वतंत्र विषय आहे.

अंत्युखियाची मंडळी कोणी स्थापन केली? ‘कृत्यां’चे उत्तर मोठे लक्षणीय आहे. स्तेफनाच्या हत्येनंतर यरुशलेमेतून पांगलेल्यांपैकी कुप्र व कुरेने येथील काही माणसे अंत्युखियास गेली आणि ग्रीक लोकांशीही बोलू लागली. त्यांची नावे दिलेली नाहीत. ओरोंतेस नदीकाठचे हे नगर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या, रोमन साम्राज्यातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक होते. ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांना प्रथम येथेच पडले, असेही लूक नोंदवतो. या शब्दाला लावलेला प्रत्यय लॅटिन वळणाचा आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या पक्षाला बाहेरच्यांनी असे नाव द्यावे, तसा तो प्रकार दिसतो. पौलाच्या पत्रांत हा शब्द एकदाही येत नाही. म्हणून ‘यहुदी विरुद्ध ख्रिस्ती’ अशी विभागणी या दशकांवर लादणे अनुचित ठरते. वाद घालणारे सर्व पक्षनेते यहुदीच होते.

तो वाद पेटला जेवणावरून. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की केफा, म्हणजेच पेत्र, अंत्युखियात आला असता यहुदीतर विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पुढे याकोबाकडून काही माणसे आली. हा याकोब येशूचा भाऊ आणि यरुशलेमेतील मंडळीचा प्रमुख. ती माणसे येताच पेत्र मागे सरला व वेगळा बसू लागला. इतर यहुदी त्याच्यामागे गेले आणि पौलाचा जुना सोबती बर्णबाही त्यांत ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. पेत्राने काय उत्तर दिले, याविषयी पौल अवाक्षर काढत नाही. वाद जिंकल्याचा दावाही तो करत नाही. आणि पौलासारख्या लेखकाच्या बाबतीत हे मौन पुरेसे बोलके आहे.

मराठी वाचकाच्या ओठांवर येथे ‘पंक्तिभेद’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. तो उपयोगी आहे, पण जपून वापरावा लागतो. अंत्युखियातील आक्षेप जन्मजात उच्चनीचतेचा नव्हता. अन्न, मूर्तींना वाहिलेले मांस व मद्य आणि कराराची खूण म्हणून सुंता, असे त्याचे स्वरूप होते. परका मनुष्य सुंता करून त्या पंक्तीत येऊ शकत होता. जातीच्या पंक्तीला असे दारच नसते. साम्य आहे ते दुसऱ्याच ठिकाणी. समतेचे तत्त्व मान्य असलेला मनुष्यही आपल्या गावची माणसे येताच पान उचलून दुसरीकडे बसतो, या व्यवहारात. भारतातील मिशनांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीत जातिभेद पाळण्यास मनाई केली, तेव्हा दक्षिणेतील जुन्या मंडळ्यांत मोठी खळबळ उडाली.

आता लूकचे कथन पाहावे. ‘कृत्यां’च्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत सभा भरते, पेत्र उदार भाषण करतो, याकोब निवाडा देतो आणि यहुदीतरांवर केवळ चार निर्बंध ठेवले जातात, त्यांपैकी तीन अन्नाशी निगडित आहेत. याच यरुशलेम-भेटीचा पौलाचा वृत्तान्त मात्र या निर्बंधांना ओळखत नाही. त्याच्या मते अट एकच होती : गरिबांची आठवण ठेवावी. अंत्युखियातील भांडण लूक सांगतच नाही. पौल व बर्णबा यांची फारकत तो नोंदवतो, परंतु तिचे कारण योहान मार्क या तरुणाला प्रवासात सोबत घ्यावे की नाही, एवढेच देतो. ते कारण खोटे असेल असे नाही. अपुरे मात्र निश्चित वाटते.

पुढील वाचकांना हे भांडण सोसवले नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने हा केफा म्हणजे पेत्र नव्हेच, असे सुचवल्याचे युसेबियस नोंदवतो. ख्रिस्ती धर्माचा टीकाकार पॉर्फिरी याने प्रेषितांमधील या बेबनावावर नेमके बोट ठेवले होते. त्याला उत्तर देताना जेरोमने हे भांडण इतरांना धडा देण्यासाठी दोघांनी वठवलेले सोंग होते, अशी उपपत्ती मांडली. ऑगस्टीनने पत्रांतून तिला कडाडून विरोध केला. पौल शपथेवर सांगत असलेली गोष्टच सोंग ठरली, तर संहितेच्या कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात एफ. सी. बाउर यांनी १८३१ पासून याच दुफळीवर आद्य ख्रिस्ती इतिहासाची मांडणी उभारली. ती आज जशीच्या तशी कोणी स्वीकारत नाही. तरी गलतीकरांसचे पत्र आधी आणि ‘कृत्ये’ नंतर वाचावे ही शिस्त तिनेच रुजवली.

मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ हा शब्द नगरातील नागरिकांच्या सभेचा आणि ग्रीक जुन्या करारात इस्राएलाच्या समुदायाचाही वाचक आहे. मराठीत कॅथलिक परंपरेने ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द स्वीकारला, तर प्रॉटेस्टंट भाषांतरांत ‘मंडळी’ रूढ झाला. पहिल्यात सभेची औपचारिकता टिकली. दुसरा शब्द घरगुती; आपल्याकडे मंडळी जमतात तशीच पानावरही बसतात. अंत्युखियाच्या प्रसंगाला हा दुसरा शब्द अनपेक्षितपणे अधिक जवळचा आहे.

गरिबांची आठवण ठेवण्याची अट पौलाने पाळली. मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून त्याने यरुशलेमसाठी वर्गणी गोळा केली. ती घेऊन निघण्यापूर्वी रोमकरांस लिहिताना, ही मदत तेथील पवित्र जनांनी स्वीकारावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती तो करतो; म्हणजे ती नाकारली जाण्याची धास्ती त्याला होती. लूक पौलाला यरुशलेमेत पोहोचवतो, याकोबाशी त्याची भेट घडवतो, त्याच्या अटकेचा प्रसंग तपशिलाने रंगवतो. पुढे पौलाच्या एका भाषणात दानधर्माचा ओझरता उल्लेखही येतो. मात्र त्या भेटीत याकोबाने ती वर्गणी हाती घेतली की नाही, हे तो सांगत नाही.