घरचा तंटा आणि दिवाणी तुरुंग

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्या निफाडात झाला, आणि १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तोही त्यांनीच. तेव्हा निफाडच्या वसंतात कायद्याविषयी चार शब्द बोलणे वावगे ठरू नये. मग बोलणारे आम्ही कॉलेजात न शिकता कोर्टाच्या पायऱ्या झिजवून कायदा शिकलेले कामगार कार्यकर्ते का असेनात! आमचे म्हणणे एवढेच की, घरचा तंटा घरच्या कायद्यात मावत नाही. तो इस्टेटीच्या, तुरुंगाच्या आणि पगाराच्या कायद्यात शिरतो, आणि माणसाचे बरेवाईट पुष्कळदा तेथेच ठरते.

याचे ठळक उदाहरण रखमाबाईंचे. मुंबईच्या सुतार समाजात १८६४ साली त्यांचा जन्म झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क १८५६ च्या कायद्याने जात असे. जयंतीबाईंनी ती मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या माहेरीच राहिल्या. १८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. यांचा डोळा इस्टेटीवर आहे, असे एक बाजू म्हणे. इस्टेट हातची जाऊ नये म्हणून माहेर मुलीला अडवते, असे दुसरी म्हणे. खरेखोटे काही असो, लग्नाच्या दाव्याच्या बुडाशी इस्टेट होती.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असल्या दाव्याचे मूळ हिंदू धर्मशास्त्रात नसून विलायतेत आहे, असे त्यांचे मत पडले. १८८६ साली अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: महिन्याच्या आत नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. ही कैद कोणत्याही स्मृतीतून आली नव्हती. ती आली दिवाणी कार्यपद्धतीच्या १८८२ च्या कायद्यातून. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

आम्हां कामगारांना ही तऱ्हा ओळखीची आहे. १८५९ च्या एका कायद्याने, उचल घेऊन कामावर न येणाऱ्या मजुरास मॅजिस्ट्रेट काम करण्याचा किंवा उचल फेडण्याचा हुकूम देई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होई. बायको नांदत नाही, मजूर राबत नाही; तंटे दोन्ही दिवाणी, पण शेवट दोन्हींचा गजांआड. पहिली कैद १८२३ नव्हे, १९२३ साली उठली. दुसरीचा कायदा १९२५ साली रद्द झाला. एवढा काळ दोघांनाही वाट पाहावी लागली!

१८९१ चे संमतिवयाचे बिल घ्या. रानडे बाजूने, टिळक विरोधात. शास्त्रार्थाने वर्तमानपत्रे भरून गेली. पण वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली ती विवाहाच्या कायद्यात नव्हे, दंडविधानात.

आजही तेच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नांदण्याचा दावा आहेच. कैद गेली तरी हुकूम मोडणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. बायकापोरांच्या पोटगीचे कलम १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीत होते, १९७३ च्या संहितेत राहिले, आणि आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पगाराचे पाहा. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये व उरलेल्यातील दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित राहतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश. म्हणजे सावकाराच्या देण्याहून पोराच्या घासाला कायद्याने वरचे पान वाढले आहे.

पगाराला हात लागला की कामगार युनियनकडे धावतो, आणि धावावेच. पण तो पगार आपण लढून मिळविला तो कोणासाठी, हा प्रश्न युनियनने त्याला विचारलाच पाहिजे. चुलीपाशी बसलेल्या बाईचाही त्या लढ्यात वाटा आहे.